खटक्याचे तीन पाय

"मामा, बटण बंद आहे. खुशाल चढा."

हे वाक्य आमचे. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी, आम्ही दुसऱ्या एका गावच्या शाळेत होतो तेव्हा, ते आमच्या तोंडून गेले. वर्गातला दिवा गेला होता. शाळेचे शिपाई, ज्यांना लहानथोर सारेच 'मामा' म्हणत, नवा दिवा घेऊन स्टुलावर चढले. बटण बंद असल्याचे आम्ही स्वतः पाहिले होते, आणि तसे ते खरोखरच बंद होते. मामांनी जुना दिवा काढला, होल्डर जरा सैल वाटला म्हणून आत बोट घातले, आणि क्षणार्धात ते खाली फरशीवर होते. दैव बलवत्तर म्हणून मनगटाच्या मोडण्यावर भागले. दवाखान्यात हात प्लास्टरमध्ये बांधून घेताना मामांनी आम्हांला एकच प्रश्न विचारला, "गुरुजी, बटण तर बंद होतं ना?"

या प्रश्नाचे उत्तर आम्हांपाशी नव्हते. आम्ही मराठी विषयाचे पदवीधर. अलंकार आणि वृत्ते यांच्याशी आमचा परिचय दाट. विजेच्या तारांशी तो दिवा लावण्या-मालवण्यापुरता. पण त्या प्रश्नाने आम्हांला स्वस्थ बसू दिले नाही. जे पुढे हळूहळू समजले, ते वायरमनला विचारून, विज्ञानाच्या शिक्षकांपाशी बसून आणि पुष्कळशा चुका करून समजले. ते आज वाचकांपुढे ठेवीत आहोत, कारण घर बडोद्यातील असो, इंदुरातील असो, हैदराबादेतील असो की आमच्या उटनूरसारख्या डोंगराळ गावातील असो, भिंतीवरच्या त्या चिमुकल्या वस्तूवर आपण दिवसातून पन्नास वेळा बोट ठेवतो आणि तिच्या पोटात काय आहे याची चौकशी जन्मात एकदाही करीत नाही.

'खट्' या आवाजाचे मर्म

आपण ज्याला बटण म्हणतो, त्याला जुन्या मराठीत 'खटका' हा फार बोलका शब्द आहे. आमच्या शाळेत तेलुगू बोलणारी मुले त्याला 'मीट' म्हणतात, मराठी मुले 'बटण' म्हणतात, आणि सगळी मिळून 'स्विच' म्हणतात. पण त्या वस्तूचा गुण सांगणारा शब्द खटका हाच. तिचा सारा गुण त्या 'खट्' आवाजात आहे.

विजेचा प्रवाह चालू असताना दोन धातूंचे तुकडे हळूहळू एकमेकांपासून दूर नेले, तर मधल्या हवेतून ठिणगी चालूच राहते आणि धातू जळतो. आरंभीच्या काळातील खटक्यांचा हाच दोष होता. हात जितका संथ, तितकी ठिणगी मोठी. १८८४ साली इंग्लंडातील न्यूकॅसल येथे जॉन हेन्री होम्स यांनी यावर उपाय काढला. त्यांच्या खटक्यात स्प्रिंग अशी बसविलेली होती की मनुष्याने दांडी कितीही सावकाश फिरवली, तरी मध्य ओलांडताच स्प्रिंग उसळून संपर्क एकदम तोडी. आपल्या भिंतीवरील बटण असो की यंत्रावरील छोट्या दांडीचा 'टॉगल' खटका असो, तत्त्व आजही तेच आहे.

विजेचा खटका आपल्या मुलखात फार जुना नाही. खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले. निजामाच्या राजधानीत हुसेनसागराच्या काठी औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले ते १९२० साली. आमचा आदिलाबाद जिल्हा तेव्हा त्याच हैदराबाद संस्थानात होता. पण राजधानीतील उजेड इथल्या जंगलातील गोंड-कोलामांच्या पाड्यांपर्यंत पोहोचायला पुढे कित्येक दशके जावी लागली. आज वीज घरोघर आहे. तिच्याशी वागण्याची रीत मात्र तिच्यामागून घरोघर आलेली नाही.

कापसावरची फवारणी आणि एक बाद नसलेले बटण

आमच्या भागात कापूस हे मुख्य पीक. पाऊस उघडला की पाठीवर पंप बांधून शेतकरी फवारणीला निघतो. पूर्वी हे पंप हाताने हापसावे लागत. आता बहुतेकांकडे बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे पंप आहेत. त्या पंपाच्या अंगावर एक टॉगल खटका असतो. औषधाचे थेंब, पाऊस आणि घाम यांनी तो दोन-तीन हंगामांतच खराब होतो.

गेल्या पावसाळ्यात आठवीतला एक मुलगा असा खटका मुठीत घेऊन आमच्याकडे आला.

"गुरुजी, नवं बटण आणलं, तेबी खराबच निघालं. बाबा म्हणते, आता तारा सरळच जोडून टाकू."

"तारा कोणत्या पायांना जोडल्या होत्या?" आम्ही विचारले.

"दोन टोकांच्या. मधला पाय रिकामा ठेवला."

"तो का रिकामा ठेवला?"

"तारा दोनच हायेत ना गुरुजी. मग दोन टोकं दोन तारांना. मधला कशाला लागते?"

मुलाचा तर्क व्यवहाराला धरून होता. दोन टोकांच्या दोरीला कोणीही टोकांनाच धरतो. पण खटक्याची रचना तशी नसते. जुना खटका दोन पायांचा होता. दुकानदाराकडे तसा नव्हता म्हणून त्याने तीन पायांचा दिला. बापाने तारा बाहेरच्या दोन पायांना जोडल्या, पंप सुरू झाला नाही, आणि खटका बाद ठरला. तारा सरळ जोडण्याचा विचार त्यातूनच आलेला. तसे केले असते तर पंप बंद करायला प्रत्येक वेळी ओल्या हातांनी तार उपटावी लागली असती; उघड्या तारांची टोके एकमेकांना टेकली असती तर बॅटरीने तार लाल करून सोडली असती.

आम्ही त्याला वर्गातच बसवून घेतले. तास व्याकरणाचा होता. तो त्या दिवशी राहिला.

कसोटीचा दिवा

साधने अगदी घरगुती लागतात. टॉर्चचे दीड-दीड व्होल्टचे दोन सेल एकापुढे एक ठेवून बांधावेत. टॉर्चचा एक जुन्या पद्धतीचा काचेचा बल्ब घ्यावा. सेलच्या एका टोकापासून तार बल्बला न्यावी, बल्बच्या दुसऱ्या टोकापासून एक मोकळी तार काढावी, आणि सेलच्या उरलेल्या टोकापासून दुसरी मोकळी तार. झाला कसोटीचा दिवा. प्रथम दोन मोकळ्या तारा एकमेकींना टेकवून बल्ब लागतो की नाही हे पाहावे. परीक्षा घेणाऱ्याची आधी परीक्षा झाली पाहिजे.

दुसरा नियम असा की खटका यंत्रापासून पूर्ण सुटा करून मगच तपासावा. तो जागेवर असताना तपासला, तर प्रवाह दुसऱ्याच वाटेने, मोटारीतून किंवा दिव्यातून, फिरून येतो आणि बंद खटकाही चालू असल्याचा भास होतो. तारा सोडवण्यापूर्वी कोणती तार कोणत्या पायाला होती याची खूण करावी. हल्ली मोबाइलवर एक फोटो घेतला तरी पुरते.

मग फळ्यावर पायांना १, २, ३ असे क्रमांक दिले. १ वरचा, २ मधला, ३ खालचा. तीन पायांच्या जोड्या तीनच होतात: १ व २, २ व ३, १ व ३. दांडीच्या जागा दोन, वर आणि खाली. म्हणजे एकंदर सहा चाचण्या. मुलांनी एकेक करून त्या घेतल्या.

दांडी वर असताना दिवा लागला तो २ व ३ या जोडीवर. दांडी खाली केली तेव्हा लागला १ व २ वर. १ व ३ या जोडीवर तो कोणत्याच वेळी लागला नाही. याचा अर्थ मुलांनीच काढला: जो पाय दोन्ही जोड्यांत येतो तो सामाईक. इथे तो मधला. वायरमन त्यालाच 'कॉमन' म्हणतात. बाहेरच्या दोन पायांचा एकमेकांशी थेट संबंध कधीच येत नाही, आणि मुलाच्या बापाने नेमके तेच दोन पाय निवडले होते!

एका मुलीने शंका काढली. "गुरुजी, दांडी वर असताना खालचा पाय कसा लागला?" शंका मार्मिक होती. खटक्याच्या आत मधल्या पायावर टेकलेली धातूची एक इवलीशी डुलती पट्टी असते, मुलांच्या खेळातील 'सी-सॉ'सारखी. दांडी मध्यावर खिळलेली असल्याने बाहेरचे टोक वर गेले की आतले टोक खाली जाते आणि पट्टीची खालची बाजू दाबते. म्हणून साध्या टॉगल खटक्यात दांडी ज्या बाजूला, त्याच्या विरुद्ध बाजूचा पाय जोडला जातो. हे ठाऊक नसले की दांडी वर केल्यावर पंप सुरू व्हावा म्हणून मनुष्य तार वरच्या पायाला जोडतो आणि सारे उलटे होऊन बसते.

काही खटक्यांची दांडी मध्येही थांबते. त्या जागी कोणतीच जोडी लागत नाही. सहा पायांचा खटका दिसला तर घाबरू नये. तो एकाच दांडीने हलणारा तीन-तीन पायांचा जोडखटका असतो; दोन्ही रांगांत सामाईक पाय बहुधा मधलाच, आणि दोन रांगांचा परस्परांशी संबंध नसतो. तरीही अंदाजावर विसंबू नये. प्रत्येक जोडी दिव्याने तपासावी.

याच दिव्याने दोषही कळतात. दांडी कुठेही असली तरी एखादी जोडी लागूनच राहत असेल, तर आतले धातू ठिणगीने एकमेकांना चिकटले आहेत. एकही जोडी लागत नसेल तर संपर्क जळले आहेत. दांडी हलकेच डुलवताना दिवा लुकलुकत असेल तर संपर्क मळले आहेत. पाय आणि धातूचे अंग यांच्या दरम्यान दिवा लागत असेल, तर तो खटका तत्काळ टाकून द्यावा.

त्या मुलाचा जुना खटकाही आम्ही तपासला. दिवा मंद लागे आणि विझे. औषधाने आतले धातू हिरवट पडले होते. नव्या खटक्यात एक तार मधल्या पायाला आणि दुसरी खालच्या पायाला जोडून तो पोरगा घरी गेला. दुसऱ्या दिवशी बाप सांगत आला की पंप एका दमात सुरू झाला आणि राहिलेली फवारणी त्याच दिवशी आटोपली. नवा खटका परत करायला तो दुकानात निघालाच होता, हेही त्याने हसत सांगितले.

इथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. टॉर्चचा बल्ब अल्प प्रवाहावर लागतो. मल्टीमीटरची 'पीं' वाजणारी चाचणी तर त्याहूनही अल्प प्रवाहाची. पंपाची मोटार दोन-तीन अँपिअर ओढते. अर्धवट जळलेला खटका बल्बाला पास होतो आणि मोटारीला नापास. तेव्हा पंप चालू असताना मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवून खटक्याच्या जोडलेल्या दोन पायांवर लावावा. खटका चांगला असेल तर आकडा शून्याच्या अगदी जवळ राहील. अर्धा व्होल्ट किंवा अधिक दिसला तर खटका वाटेतच वीज खातो आहे असे समजावे. ही चाचणी बारा व्होल्टच्या पंपावरच करावी, घरच्या विजेवर नव्हे. नवा खटका घेताना त्यावरील अँपिअर आणि व्होल्टचे आकडेही वाचावेत. घरातील वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, म्हणून तिची ठिणगी आपोआप विझते. बॅटरीची वीज एकसारखी वाहते, म्हणून तिची ठिणगी चिवट. त्यामुळे घरगुती विजेसाठीचा आकडा बॅटरीला जसाच्या तसा लागू पडत नाही.

जिन्यातला दिवा

हेच तीन पाय आपल्या घरात जिन्यावर भेटतात. खाली एक बटण, वर एक बटण, आणि दिवा कोठूनही लावावा, कोठूनही मालवावा. दोन्ही बटणे तीन-तीन पायांची. एकाच्या सामाईक पायाला येणारी वीज, दुसऱ्याच्या सामाईक पायापासून दिव्याकडे जाणारी तार, आणि उरलेल्या दोन-दोन पायांना जोडणाऱ्या दोन तारा. एवढीच त्याची युक्ती.

एका बटणाचा सामाईक पाय ओळखण्यात चूक झाली की विचित्र अनुभव येतो. वरचे बटण एका विशिष्ट जागी असेल तरच खालच्या बटणाला दिवा दाद देतो, एरवी नाही. आमच्याच घरी हे आठ महिने चालले. आमच्या मातोश्री वयोवृद्ध, रात्री माडीवरून उतरताना दिवा लागला नाही की म्हणायच्या, "या दिव्याची मर्जी असेल तेव्हा लागतो बाई." सारे हसत. त्या अंधारात चाचपडत उतरत होत्या हे आमच्या ध्यानात यायला आठ महिने लागले. वायरमनला बोलावून दोन तारांची अदलाबदल केली, आणि दिव्याची मर्जी कायमची बसली. घरातील एखादा दोष गमतीचा विषय होऊन बसला, की तो दुरुस्त होत नाही.

मामांच्या प्रश्नाचे उत्तर

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे वळतो. दिव्याला दोन तारा जातात. एक फेजची, जिच्यात २३० व्होल्टची वीज असते. दुसरी न्यूट्रलची, परतीची. बटण कोणत्याही एका तारेत बसवले तरी दिवा लागतो आणि मालवतो; पाहणाऱ्याला काडीचा फरक दिसत नाही. पण बटण फेजच्या तारेत असेल तर ते बंद करताच होल्डर निर्जीव होतो. ते न्यूट्रलमध्ये असेल तर बटण बंद केल्यावर दिवा मालवतो खरा, पण वीज होल्डरपर्यंत येऊन वाट पाहत उभी असते. मामांच्या बोटाने तिला ती वाट दिली. न्यूट्रलमध्ये एकटे बटण वा फ्यूज असू नये, हे १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतच सांगितलेले आहे.

मग शाळेत असे झाले कसे? वायरमनने तपासल्यावर कळले, की शाळेच्या आतील जोडणी बिनचूक होती. काही दिवसांपूर्वी वादळात बाहेरची तार तुटली होती. ती पुन्हा जोडताना दोन तारा अदलाबदल होऊन मेन स्विचला आल्या होत्या. त्या क्षणापासून शाळेतील यच्चयावत बटणे न्यूट्रलमध्ये गेली होती. दिवे लागत होते, पंखे फिरत होते, म्हणून कोणाला शंका आली नाही.

हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. तीन छिद्रांच्या प्लगकडे तोंड करून उभे राहिले असता, वरचे मोठे छिद्र अर्थचे, उजवीकडचे फेजचे आणि डावीकडचे न्यूट्रलचे असते. बटण चालू करून उजव्या छिद्रात टेस्टर घातला तर तो लागला पाहिजे, डाव्यात लागता कामा नये. डाव्यात लागत असेल तर एकतर तो प्लग उलटा जोडला आहे, नाहीतर साऱ्या घराच्याच तारा उलटल्या आहेत. घराबाहेर खांबावर वा मीटरपाशी काहीही काम झाले, की त्याच दिवशी ही चाचणी करून घ्यावी.

दिव्याच्या बटणावरही वायरमन हे पाहू शकतो, पण त्यात एक चकवा आहे. दिवा होल्डरमध्ये असताना बटण बंद ठेवून दोन पायांना टेस्टर लावला, तर योग्य आणि अयोग्य दोन्ही जोडण्यांत एकच पाय उजळतो. कारण अयोग्य जोडणीत वीज दिव्यातून फिरून बटणापर्यंत येते. खरा निवाडा बटण चालू असताना होतो. दोन्ही पाय उजळले तर बटण फेजमध्ये आहे. दिवा लागलेला असून दोन्ही पाय अंधारे राहिले तर ते न्यूट्रलमध्ये आहे. बटण बंद असूनही एलईडी दिवा रात्री मिणमिणत असेल तर तोही असाच इशारा असू शकतो. कधी लांब तारांमुळे किंवा बटणातील खुणेच्या दिव्यामुळेही तसे होते. पण तपासून घ्यावे हे बरे.

टेस्टरवरही आंधळा विश्वास नको. तो आधी वीज असल्याचे ठाऊक असलेल्या जागी लावून पाहावा, मग हव्या त्या जागी, आणि शेवटी पुन्हा पहिल्या जागी. मधल्या वेळात तो बिघडला नाही, हे त्यावरून कळते. उघडे बोर्ड आणि २३० व्होल्टची जोडणी हे परवानाधारक वायरमनचेच काम. आपण फक्त काय पाहायचे ते त्याला सांगावे आणि शेजारी उभे राहावे. टॉर्चच्या सेलचा दिवा हा सुट्या खटक्यासाठी आहे. भिंतीवरील जिवंत तारेला तो कधीही लावू नये. आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. शरीरातून जमिनीकडे वीज वाहू लागली की तो क्षणाच्या एका अंशात पुरवठा तोडतो. आमच्या त्या शाळेत तो असता तर मामांना झटका बसला असता, पण बहुधा निसटता.

मामा आता सेवानिवृत्त झाले आहेत. थंडी पडली की मनगट दुखते असे म्हणतात, आणि आम्हांला दोष न देता चहा पाजतात. दर दिवाळीपूर्वी, आमच्या भागात दंडारीचे ढोल वाजू लागण्याच्या सुमारास, शाळेची साफसफाई निघते आणि कोणीतरी दिवे पुसायला स्टुलावर चढते. बटणाकडे बोट दाखवून "चढा" म्हणणे आम्ही कधीच सोडून दिले. आता आम्ही मेन स्विच बंद करतो, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवतो, टेस्टरने होल्डर तपासवून घेतो, आणि मग म्हणतो,

"फ्यूज माझ्या खिशात आहे. आता चढा."